न झाडलेली गोळी

समोर टेबलावर एक रिव्हॉल्व्हर ठेवलंय असं धरा. सहा इंची नळी, काळसर निळं पोलाद, अक्रोडाच्या लाकडाची मूठ. स्मिथ अँड वेसन कंपनीचं के-३८ मास्टरपीस, गेल्या शतकातल्या पन्नासच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला तयार झालेलं. ते वापरणारा माणूस अमेरिकेतल्या एका शहराचा पोलीस होता आणि सुट्टीच्या दिवशी नेमबाजीच्या स्पर्धांना जायचा. अशी माणसं तिथे पुष्कळ होती, म्हणून त्याला नाव द्यायची गरज नाही. आपण त्याच्या हत्याराजवळ थोडा वेळ थांबू. घाई करू नका. मध्येच वाचन थांबवून डोळे मिटावेसे वाटले तर खुशाल मिटा, हे त्यासाठीच लिहिलं आहे.

हत्यारावर मनन कसलं करायचं, असं कुणाला वाटेल. ती अस्वस्थता मलाही वाटते, आणि ती बरोबर घेऊनच बसावं असं माझं म्हणणं आहे. ज्या वस्तूने माणसाचा जीव जाऊ शकतो तिच्या शेजारी मन आपोआप सावध होतं. एरवी ध्यानाला बसताना जी सावधानता मोठ्या कष्टाने आणावी लागते ती इथे पहिल्या क्षणापासून हजर असते.

तर आधी ते रिकामं आहे का हे पाहायचं. कुणी कितीही खात्रीने सांगितलं असलं तरी स्वतः पाहायचं. डाव्या बाजूला हॅमरच्या खाली एक छोटं बटण आहे, ते अंगठ्याने पुढे सरकवा. सिलिंडर डावीकडे बाहेर येईल. त्याची सहा भोकं उजेडाकडे धरा आणि एकेक मोजा. प्रत्येकातून पलीकडचा प्रकाश दिसला पाहिजे. नेमबाजांच्या जगात ही कृती कुणी सांगावी लागत नाही. समोरचा माणूस हत्यार देताना सिलिंडर उघडूनच देतो, आणि घेणारा त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा तपासतो. यात कुणाचा अपमान होत नाही. दोघांनीही पाहिलं म्हणजे दोघंही शांत होतात.

तो प्रकाश काही श्वासांपुरता पाहत राहा. मग सिलिंडर हाताने, हळू, आत बसवा. चित्रपटात मनगटाच्या एका झटक्याने सिलिंडर आत फेकतात. ज्याला हत्याराची कदर आहे त्याला ते पाहवत नाही, कारण सिलिंडर ज्या दांड्यावर झुलतो तो अशा झटक्यांनी वाकतो, आणि एकदा वाकला की सहा भोकं नळीच्या रेषेत नीट येत नाहीत.

आता पोलादाचा रंग बघा. हा रंग वरून लावलेला नाही. पोलाद आधी आरशासारखं घासतात आणि मग त्याच्या पृष्ठभागावर लोखंडाच्या काळ्या ऑक्साइडचा पातळ थर मुद्दाम येऊ देतात. एका अर्थी तो गंजच, फक्त बेतात ठेवलेला, आणि तेलाचा हात फिरत राहिला तर तो लाल गंजाला बराच काळ दूर ठेवतो. थर फार पातळ असतो. जिथे कातडं, बोटं, कापड सतत घासतं तिथे तो विरळ होतो आणि खालचं पांढरं पोलाद डोकावतं. जुनं हत्यार वाचायचं ते या विरळ जागांवरून.

रोज कमरेला लावलेल्या रिव्हॉल्व्हरचा रंग नळीच्या तोंडाशी आणि सिलिंडरच्या कडांवर गेलेला असतो. होल्स्टरमध्ये दिवसातून कितीदा आत-बाहेर झालं त्याची ती नोंद. आपल्या समोरचं तसं नाही. नळीच्या तोंडाशी रंग जवळजवळ पूर्ण आहे, पण सिलिंडरभोवती एक चकचकीत रेघ गोल फिरली आहे. चाप ओढला की सिलिंडर एक घर फिरतो आणि खालून एक खुंटी वर येऊन त्याला जागेवर अडकवते. त्या खुंटीच्या टोकाने ही रेघ पाडली आहे. म्हणजे हे रिव्हॉल्व्हर कमरेला फार मिरवलं नाही, डब्यात राहिलं, मात्र त्याचा चाप अगणित वेळा ओढला गेला. त्यातही पुष्कळदा आत गोळी नसताना. रात्री घरी, समोरच्या भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे नेम धरून, रिकामा चाप ओढण्याचा सराव नेमबाज करतात. मोठा आवाज नाही, धूर नाही, गुण नाहीत. फक्त हॅमर पडल्याचा टक् असा आवाज, आणि तो पडताना नळी हलली की नाही एवढं पाहणं. ती रेघ मला या रिव्हॉल्व्हरची सगळ्यात खरी खूण वाटते. त्याने जिंकलेली पदकं कुठेतरी असतीलच, पण पदक एका दिवसाचं असतं आणि ही रेघ वर्षांची आहे.

थोडं त्याच्या कुळाबद्दल. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस आणि त्यासाठीचं मिलिटरी अँड पोलीस हे रिव्हॉल्व्हर कंपनीने १८९९ मध्ये आणलं. ते अमेरिकी पोलिसांच्या अनेक पिढ्यांचं हत्यार झालं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्याच सांगाड्यावर खास नेमबाजीसाठी तिघं भावंडं घडवली गेली: पॉइंट २२ चं, पॉइंट ३२ चं आणि हे पॉइंट ३८ चं. पॉइंट ३८ चं हे मॉडेल १९४७ मध्ये आलं. १९५७ पासून कंपनीने नावांऐवजी आकडे द्यायला सुरुवात केली तेव्हा याचं मॉडेल १४ झालं. तिघांची भोकं वेगवेगळ्या मापांची, त्यामुळे पोलादही कमी-जास्त जाणार. पण नळीवरची पट्टी कमी-अधिक रुंद ठेवून भरलेल्या तिघांचं वजन सारखं येईल असं पाहिलं होतं. एका हाताला एकच वजन माहीत असावं, हा त्यामागचा विचार. मला हा विचार फार आवडतो. हाताला शिकायला वेळ लागतो, आणि शिकलेलं दर वेळी मोडायला लावणं हा हातावर अन्याय आहे.

लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी हीच सहा इंची के-३८ अनेक वर्षं कामावर वापरली. त्या शहरातल्या एलिशियन पार्कमध्ये पोलिसांची नेमबाजीची रेंज आहे, आणि १९३२ च्या ऑलिंपिकमधली नेमबाजी तिथेच झाली. पोलीस आणि नेमबाजीचा खेळ यांचं नातं तिथे इतकं जवळचं होतं. डेट्रॉइटच्या पोलीस दलातला हॅरी रीव्हज सहा वेळा अमेरिकेचा राष्ट्रीय पिस्तूल विजेता झाला. दिवसा गुन्ह्यांचे कागद, साक्षी, गस्त, आणि उरलेल्या वेळात कागदाच्याच एका काळ्या वर्तुळासमोर उभं राहणं, असं या लोकांचं आयुष्य.

त्या वर्तुळासमोर आता आपण उभे राहू. खरोखर उठून उभे राहा, जमत असेल तर.

पन्नास यार्डांवर, म्हणजे सुमारे ४६ मीटरवर, एक कागद टांगला आहे. त्यावर काळा गोल, आणि त्याच्या आत दहा गुणांचं वर्तुळ, जेमतेम साडेआठ सेंटिमीटर रुंदीचं. इतक्या दुरून ते वेगळं दिसत नाही, फक्त काळा ठिपका दिसतो. हा खेळ एका हाताने खेळायचा. दुसरा हात खिशात किंवा कमरेवर. पहिल्या भागात दहा गोळ्यांसाठी दहा मिनिटं मिळतात. मग पंचवीस यार्डांवर वीस सेकंदांत पाच गोळ्या, आणि शेवटी दहा सेकंदांत पाच. पॉइंट २२, पॉइंट ३८ किंवा तत्सम, आणि पॉइंट ४५ अशा तीन हत्यारांनी मिळून पूर्ण स्पर्धा २७० गोळ्यांची, २७०० गुणांची.

हात खांद्याच्या उंचीवर सरळ समोर करा. मुठीत काही नको, फक्त अंगठा वर उभा. त्या अंगठ्याच्या पलीकडे भिंतीवरची एखादी वस्तू निवडा, घड्याळ किंवा दिव्याचं बटण. आता घड्याळाकडे बघा. अंगठा दुहेरी, धूसर होईल. मग नजर अंगठ्याच्या नखावर आणा. घड्याळ विरघळेल. दोन्ही एकदम स्पष्ट पाहण्याचा प्रयत्न करून बघा. जमणार नाही. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर जुळतं. त्याला दुसरा पर्याय नाही.

नेमबाजाच्या समोर तर तीन गोष्टी असतात. डोळ्याच्या अलीकडची मागची साईट, म्हणजे चौकोनी खाच. नळीच्या टोकावरची पुढची साईट, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर रुंद असा काळा चौकोनी खुंट. आणि दूरवरचा काळा गोल. नवखा माणूस गोलाकडे बघतो. ते स्वाभाविक आहे. गोळी तिकडे जायची आहे, गुण तिथे आहेत, इच्छा तिथे आहे. मुरलेला नेमबाज मात्र पुढच्या साईटकडे बघतो आणि गोल धूसर होऊ देतो. जिथे पोहोचायचं ती जागा त्याला नीट दिसतही नाही.

असं का, याचा हिशेब साधा आहे आणि तो एकदा समजला की मनातून जात नाही. दोन साईटमधलं अंतर सात-साडेसात इंच. पुढची साईट खाचेत एक मिलिमीटरने बाजूला गेली तर तो कोन ४६ मीटरवर जाऊन सुमारे २४ सेंटिमीटर होतो. वीतभर चूक. गोळी काळ्या गोलाच्या बाहेर. उलट दोन्ही साईट एकमेकींत बरोबर बसलेल्या असतील आणि अख्खा हातच एक मिलिमीटर बाजूला डुलला असेल, तर गोळीही एकच मिलिमीटर बाजूला जाते. म्हणजे हाताचं डुलणं जवळजवळ माफ आहे. जवळच्या दोन गोष्टींचं एकमेकींशी असलेलं नातं बिघडलं तर मात्र क्षमा नाही.

यावर थोडं थांबा. हात अजून समोर आहे? तो डुलतोय ना? डुलणारच. त्याला खिळवून ठेवायचा प्रयत्न केलात की तो जास्त थरथरेल, खांदा आवळेल, दात आवळले जातील. तज्ज्ञ नेमबाजाचाही हात डुलतो. काही वर्षांनी त्याचं डुलणं लहान होतं, पण थांबत कधीच नाही. तो त्या डुलण्याशी भांडणं सोडून देतो. काळ्या गोलाखाली एक लहानसा टापू मनाशी मान्य करतो, त्या टापूत हात हवा तसा फिरू देतो, आणि सगळं लक्ष दोन साईटच्या नात्यावर ठेवतो. हात खाली घ्या. खांदा सैल करा.

साईटबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. उन्हात पोलादाचा खुंट चमकतो, आणि चमकला की त्याची एक कड डोळ्याला खोटी दिसते. म्हणून जुने नेमबाज स्पर्धेआधी कार्बाइडचा लहान दिवा पेटवून त्याच्या ज्योतीवर साईट धरायचे. काजळी धरली की खुंट मखमलीसारखा काळा व्हायचा, उजेड गिळून टाकायचा. समोरचं रिव्हॉल्व्हर नीट पाहिलंत तर पुढच्या साईटच्या मुळाशी असलेल्या सांदीत त्या काजळीचा अंश अजून असेल. कितीही पुसलं तरी तिथपर्यंत कापड पोहोचत नाही.

आता श्वास. छाती वर-खाली होते तेव्हा हातही होतो. नेमबाज दोन-तीन संथ श्वास घेतो, मग अर्धाअधिक सोडून थांबतो. श्वास सोडून झाल्यावर पुढचा घेण्याआधी शरीर स्वतःच जी विश्रांती घेते ती तो थोडी लांबवतो. तुम्हीही करून बघा. घ्या. सोडा. थांबा. पाच-सात सेकंदांनी छातीत हलकी मागणी सुरू होईल. ती मागणी सुरू होण्याआधीचा काळ हाच कामाचा काळ. त्यानंतर डोळ्याला कमी दिसू लागतं, आणि घाई सुरू होते.

त्या शांततेत एक गोष्ट जाणवेल: हृदयाचा ठोका. लांब केलेल्या हाताच्या टोकाशी तो दिसतो. या खेळात तो इतका महत्त्वाचा आहे की ठोका मंद करणाऱ्या बीटा-ब्लॉकर औषधांवर नेमबाजीत बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूला अशाच औषधामुळे रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदकं परत द्यावी लागली. मोठ्या ताकदीसाठी औषध घेणाऱ्यांबद्दल आपण ऐकतो. इथे माणसाने शांततेसाठी औषध घेतलं, आणि जगाने ते फसवणूक मानलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. उसन्या शांततेने मिळवलेला नेम त्या माणसाचा नसतो.

आणि मग चाप. संथ फेरीत नेमबाज आधी अंगठ्याने हॅमर मागे ओढून ठेवतो, म्हणजे चाप हलका होतो. हलका म्हणजे तरी स्पर्धेच्या नियमाने किमान अडीच पौंड, एक किलोहून थोडा जास्त. हा भार बोटाच्या पहिल्या पेरावर सावकाश वाढवत न्यायचा. कुठल्या क्षणी हॅमर पडेल हे ठरवायचं नाही. साईट जुळलेल्या असताना भार वाढतो, बिघडल्या की आहे तिथे थांबतो, पुन्हा जुळल्या की वाढतो. आवाज झाला की नेमबाजाला स्वतःलाच किंचित आश्चर्य वाटावं. ज्याने ‘आत्ता!’ असं मनात म्हटलं त्याचं सगळं शरीर त्या ‘आत्ता’ला उत्तर देतं. मनगट खाली दबतं, डोळा मिटतो, आणि गोळी खाली जाते.

हे शरीराचं खोटं पकडण्याची एक जुनी रीत आहे, आणि ती रिव्हॉल्व्हरलाच सगळ्यात छान जमते. शिकवणारा पाठ करून सिलिंडर भरतो. काही घरांत खरी काडतुसं, काहींत झाडलेली रिकामी पितळी नळकांडी. बंद करून शिकणाऱ्याच्या हातात देतो. आता पुढचं घर भरलेलं की रिकामं हे नेमबाजाला ठाऊक नाही. भरलेलं असलं तर धक्क्यात सगळं झाकून जातं. रिकामं असलं तर हॅमर टक् करून पडतो, आणि त्या शांततेत नळीचं टोक झपकन खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. झुकायला काही कारणच नव्हतं. आवाज झाला नाही, धक्का बसला नाही. माणूस फक्त धक्क्याची वाट पाहत होता. नेमबाजीतला हा मला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. आयुष्यात कितीतरी धक्के आपण बसण्याआधीच सोसलेले असतात आणि त्या सोसण्याने हात वाकडा झालेला असतो. पण तिथे रिकामं घर ठेवणारा कुणी नसतो, म्हणून ते कळत नाही.

काडतुसातली गोळीही पाहण्यासारखी आहे. नेमबाजीची पॉइंट ३८ ची गोळी मऊ शिशाची, पुढून सपाट कापलेली, साडेनऊ ग्रॅमच्या आसपास वजनाची. वेग बेताचा, आवाजाच्या वेगापेक्षा बराच कमी. ४६ मीटर जायला तिला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. टोकदार गोळी कागद फाडते आणि भोकाच्या कडा लोंबतात. सपाट गोळी कागदातून गोल चकती कापून काढते, म्हणजे गुण देणाऱ्याला वाद घालावा लागत नाही. कागदावर चांगलं भोक पडावं एवढ्यासाठी बनवलेली गोळी. या रिव्हॉल्व्हरने आयुष्यभर बहुतेक हीच झाडली असणार.

इथवर आलो ते ज्यासाठी, ती गोष्ट आता. दहा मिनिटांत दहा गोळ्या. प्रत्येकीला एक मिनिट. इतका वेळ कशाला हवा, असं पाहणाऱ्याला वाटतं. तो वेळ न झाडण्यासाठी असतो. नेमबाज हात वर नेतो, श्वास थांबवतो, साईट जुळवतो, चाप अर्धा दाबतो. काहीतरी बिनसतं. वाऱ्याची झुळूक येते, डोळा थकतो, किंवा मनात एक घाई उगवते की झाडून टाकू, बघू काय होतं ते. त्या क्षणी चांगला नेमबाज बोट चापावरून काढतो. मग नळी लक्ष्याकडेच ठेवून अंगठ्याने हॅमर घट्ट धरतो, चाप अलगद दाबून हॅमर सावकाश खाली आणतो, आणि हात खाली घेतो. श्वास घेतो. पहिल्यापासून सुरुवात करतो. शेजारच्या माणसाच्या गोळ्यांचे आवाज येत असतात. घड्याळ चालू असतं. बाहेरून पाहता काहीच घडलेलं नसतं, आणि गुणपत्रिकेत या कृतीला कुठेही जागा नाही. पण नव्वद गुणांचा नेमबाज आणि सत्त्याण्णव गुणांचा नेमबाज यांच्यातलं बरंचसं अंतर या खाली घेतलेल्या हातात असतं.

या जागी मोकळं होऊन थांबा. आज तुम्ही कुठला हात वर नेला आहे? कुणाला पाठवायचा निरोप, द्यायचं उत्तर, घ्यायचा निर्णय? त्यात साईट जुळलेल्या आहेत, की फक्त हात दमला आहे आणि तुम्हाला ते संपवून टाकायचं आहे? उत्तर लगेच द्यायची घाई नको.

हत्याराच्या पोटात याच गोष्टीचं एक पोलादी रूप आहे. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर याच कुळातलं एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडलं, आपोआप उडालं आणि एक खलाशी मेला. त्यानंतर कंपनीने आतली सुरक्षा-पट्टी नव्याने आखली. पोलादाची एक पातळ, सरकती पट्टी हॅमर आणि सांगाडा यांच्यामध्ये उभी असते. चाप पूर्ण मागे ओढून धरला तरच ती खाली सरकते आणि हॅमरला वाट देते. बोट सुटलं की पुन्हा वर. हत्यार हातातून पडलं, हॅमरवर घाव बसला, तरी ती मध्ये उभीच असते. युद्धानंतर बनलेल्या या के-३८ मध्ये ती आहे. एका अनाम मृत्यूमुळे ती तिथे आली, आणि तिच्यामुळे किती गोळ्या सुटल्या नाहीत याची मोजदाद कधी होणार नाही.

आता अवघड भाग. हे पोलिसाचं रिव्हॉल्व्हर आहे, आणि पोलीस फक्त कागदासमोर उभा राहत नाही. अमेरिकेत दर वर्षी सुमारे एक हजार माणसं पोलिसांच्या गोळीने मरतात. त्यातली किती मरायला नको होती यावर तो देश वर्षानुवर्षं पेटलेला आहे. आणि दुसरीकडे, प्यू रिसर्च सेंटरच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत फक्त २७ टक्के पोलिसांनी सांगितलं की सरावाबाहेर, कामावर असताना, आपण कधीतरी गोळी झाडली आहे. उरलेल्यांचं हत्यार तोवरच्या नोकरीत कागदापलीकडे गेलं नव्हतं. दोन्ही आकडे खरे आहेत. एक आठवून दुसरा विसरणं सोपं आहे. तसं करू नका. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांच्यातला ताण सहन करा.

नेमबाजीच्या रेंजवरची शांतता रस्त्यावर उपयोगी पडते का? एका हाताने, बाजूला उभं राहून, दहा मिनिटं घेऊन मारलेल्या नेमाचा अंधाऱ्या गल्लीशी फारसा संबंध नाही हे अमेरिकी पोलिसांनाच आधी कळलं. म्हणून जवळच्या अंतरांचे, दोन्ही हातांनी मारायचे, मध्येच रिव्हॉल्व्हर पुन्हा भरायला लावणारे सराव आले, आणि त्यांच्या वेगळ्या स्पर्धाही. १९६२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टनला पोलिसांची अशी पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. १९७० च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलला काही मिनिटांत महामार्ग पोलिसांचे चार तरुण अंमलदार मारले गेले, आणि प्रशिक्षण पुन्हा एकदा मुळापासून तपासलं गेलं. कागदाचा गोल हलत नाही, ओरडत नाही, खिशात हात घालत नाही. नेम कसा धरायचा हे तो शिकवतो. कुणावर धरायचा, आणि धरावा की नाही, हे त्याला शिकवता येत नाही. नेमबाजीची थोरवी सांगणाऱ्यांनी हे मान्य केलं पाहिजे, आणि मी ते मान्य करून पुढचं सांगतो. ज्या माणसाने हजारो वेळा जुळत आलेला नेम सोडून हात खाली घेतला आहे, त्याच्या शरीराला निदान एवढं माहीत असतं की हात खाली घेता येतो. वर गेलेल्या हाताने झाडलंच पाहिजे असं नाही. रस्त्यावर त्याला ते आठवेलच असं मी म्हणणार नाही. पण ज्याने ते कधी केलंच नाही त्याला आठवायला काहीच नसतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकी पोलिसांनी रिव्हॉल्व्हर सोडून जास्त गोळ्यांची पिस्तुलं घेतली. के-३८ सारखी हत्यारं कपाटांतून लिलावांत, लिलावांतून संग्राहकांच्या काचेमागे गेली. संग्राहक काय विचारतात? मूळ खोका आहे का. त्यात सोबत आलेला स्क्रूड्रायव्हर आणि साफ करायची सळई आहे का. मुठीच्या खाली के अक्षराने सुरू होणारा क्रमांक कोणत्या वर्षाचा आहे. सांगाड्याला स्क्रू पाच आहेत की चार, कारण पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात एक स्क्रू कमी झाला आणि पाचवाल्यांना भाव जास्त. हे ज्ञान हलकं नाही. या नोंदी ठेवणाऱ्यांमुळेच एखाद्या हत्याराची जन्मतारीख सांगता येते.

पण एका बाबतीत माझं त्यांच्याशी जमत नाही. मूठ बघा. उजव्या बाजूचं लाकूड अंगठ्याच्या बुडाशी कानशीने घासून खोलगट केलेलं आहे. चापाच्या मागची पोकळी भरायला ॲल्युमिनियमचा एक तुकडा बसवलेला आहे, म्हणजे मधलं बोट दर वेळी त्याच जागी बसावं. लाकडावरची जाळी तळहाताखाली सपाट झाली आहे. बाजारात याला खराबी म्हणतात, आणि अशा रिव्हॉल्व्हरला त्या काळातली अस्सल, न घासलेली मूठ बसवली तर किंमत वाढते. बरेच जण तसं करतात. घासलेली मूठ काढून फेकून देतात.

ती मूठ काढू नका. त्या माणसाने पहिल्यांदा कानस हातात घेतली असेल तेव्हा नवं कोरं, महागाचं लाकूड खरवडायला त्याचा जीव कचरला असेल. मग थोडं घासून, हातात धरून, पुन्हा थोडं घासून, त्याने ते आपल्या हाताच्या मापाचं केलं. तुमचा हात त्या खोलगट जागेत ठेवा. तो नीट बसणार नाही, अंगठा जरा वर राहील, किंवा जरा खाली. त्या फरकावर लक्ष ठेवा आणि हात तिथेच असू द्या.